खोल समुद्रातले वालुकाश्म: थरावरून प्रवाह कसा ओळखायचा

खोल समुद्राच्या तळावर एरवी चिखलच साचतो, तोही फार सावकाश. त्या चिखलात वाळूचा थर आला, तर तो कोणत्या तरी प्रवाहाने आणून टाकलेला असतो. असा थर पुढे दगड होऊन जमिनीवर आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे असतात: प्रवाह कोणत्या प्रकारचा होता, तो कुठून कुठे गेला, आणि तिथलं पाणी खरोखर खोल होतं का. या तिन्हींचे पुरावे वेगवेगळे आहेत. “खाली जाड, वर बारीक कण दिसले, म्हणजे टर्बिडाइट (गढूळ प्रवाहाने टाकलेला थर), म्हणजे खोल समुद्र” अशी एका दमात उडी घेतली की नोंदवही वाया जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेकाठी जो गाळ बसला, तसल्या पुराच्या गाळातही खाली वाळू आणि वर चिखल मिळू शकतो. कण असे खालून वर बारीक होत जाणं म्हणजे प्रतवारी, आणि ती एवढंच सांगते की प्रवाह मंदावत गेला. किती खोल पाण्यात मंदावला, हे ती सांगत नाही.

कोल्हापूरच्या आसपास असा दगड नाही. इथे खाली काळा पाषाण आणि पन्हाळ्यासारख्या माथ्यांवर जांभा. जवळचा वालुकाश्म म्हणजे गोकाकच्या धबधब्याचा, कलादगी खडकांतला. तो उथळ पाण्यातला आहे, आणि म्हणूनच तुलनेसाठी आधी बघावा असा. खोल समुद्राचा नमुना बघायचा तर पोर्ट ब्लेअरजवळच्या कॉर्बिन्स कोव्हला, ‘अंदमान फ्लिश’ नावाच्या, वालुकाश्म आणि शेल (चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा दगड) यांच्या एकाआड एक थरांकडे जावं लागतं. पण डोळा तयार करण्याचं निम्मं काम कोल्हापुरात होतं आणि ते करूनच निघावं. किनाऱ्यावर ओहोटीचे मोजके तास मिळतात. तिथे कण मापायला शिकत बसलं तर थर बघायचे राहून जातात.

कणांचं कार्ड

पहिली गरज कणांचा आकार पटकन सांगता येण्याची. विकतचं कार्ड मिळतं, पण स्वतः केलेलं जास्त शिकवतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्यासाठी सिलिका सँड येते आणि ती तपासायला चाळण्यांचा संच असतो. वाळू मागताना न वापरलेली, धुतलेली आणि रेझिन न लावलेली अशीच मागा. वापरलेल्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते, आणि रेझिन लावलेले कण चटकन ओले होत नाहीत, त्यामुळे पुढे टाकीत त्यांच्या गुठळ्या होतात.

चाळण्यांच्या बाबतीत एक घोटाळा होतो. फाउंड्रीच्या संचात ३००, २१२, १५०, १०६, ७५ मायक्रॉन अशी भोकं असतात. भूविज्ञानात वर्गांच्या सीमा १ मिलिमीटर, ५००, २५०, १२५ आणि ६३ मायक्रॉन अशा आहेत. १ मिमी ते ५०० जाड वाळू, ५०० ते २५० मध्यम, २५० ते १२५ बारीक, १२५ ते ६३ अतिबारीक. त्याखाली सिल्ट, आणि ४ मायक्रॉनच्या खाली चिकणमाती. फाउंड्रीच्या चाळणीवरून कार्ड केलं तर ‘बारीक’ आणि ‘अतिबारीक’ यांची सीमा सरकते, आणि या दगडांत नेमकी तीच सीमा सगळ्यात जास्त लागते. म्हणून २५०, १२५ आणि ६३ च्या चाळण्या स्वतंत्र मिळवा. माती किंवा बांधकाम साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्या मिळू शकतात. प्रत्येक वर्गाची चिमूटभर वाळू जाड पुठ्ठ्यावर फेविकॉलने चिकटवा, खाली आकडा लिहा. चाळताना नाकाला चांगला मास्क हवाच. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसात साठते आणि तिने होणारा आजार बरा होत नाही.

टाकीतला गढूळ प्रवाह

खोल समुद्रात वाळू नेणारा मुख्य वाहक म्हणजे गढूळ प्रवाह, टर्बिडिटी करंट. गाळ मिसळलेलं पाणी स्वच्छ पाण्यापेक्षा जड होतं आणि उतारावरून तळालगत धावत सुटतं. याचा गाजलेला दाखला १८ नोव्हेंबर १९२९ चा. कॅनडाच्या पूर्वेला ग्रँड बँक्सजवळ ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राजवळच्या तारायंत्राच्या केबल लगेच तुटल्या, पण उताराच्या खालच्या अंगाच्या केबल एकामागून एक तुटत गेल्या आणि शेवटची तुटायला तेरा तासांहून जास्त वेळ लागला. हीझन आणि यूइंग यांनी १९५२ मध्ये त्या वेळांवरून प्रवाहाचा माग काढला. त्याआधी १९५० मध्ये क्यूनेन आणि मिग्लिओरिनी यांनी टाकीतल्या प्रयोगांची आणि इटलीतल्या थरांची सांगड घालून प्रतवारीचं कारण हाच प्रवाह असल्याचं मांडलं होतं. तोच प्रयोग लहान प्रमाणात घरी होतो.

माशांच्या टाक्या करणाऱ्याकडून १२० सेंमी लांब, १५ सेंमी रुंद, ४० सेंमी उंच काचेची टाकी करून घ्या. पाणी ३० सेंमी भरलं की ५४ लिटर होतं, म्हणजे ५४ किलो. ती भक्कम ओट्यावरच ठेवा. एका टोकापासून १५ सेंमीवर अ‍ॅक्रिलिकचा उभा पडदा बसवा, कडांना फोमची पट्टी लावून. पडद्यामागे पावणेसात लिटर पाणी येतं. त्यात ३०० ग्रॅम पांढरी सिलिका वाळू (७५ ते १५० मायक्रॉनमधली), २२५ ग्रॅम खडी क्रशरची काळी डस्ट (७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली) आणि १५० ग्रॅम आदल्या रात्री भिजवून पातळ केलेली शाडू घाला. लिटरला साधारण १०० ग्रॅम गाळ झाला. त्याने पाणी सुमारे सहा टक्के जड होतं, आणि तेवढं पुरतं.

जोरात ढवळा आणि थांबल्यापासून तीन-चार सेकंदांत पडदा सरळ वर ओढा. उशीर केला तर वाळू पडद्यामागेच बसते, कारण १०० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर खाली जातो. फुगीर डोकं असलेला ढग पाच-सहा सेकंदांत दुसऱ्या टोकाला पोचेल. कडेने व्हिडिओ घ्या आणि काचेवर दर १० सेंमीला खूण करा, म्हणजे वेग काढता येतो. मग हात लावू नका. १० मायक्रॉनच्या सिल्टला ३० सेंमी खाली यायला जवळपास तास लागतो, २ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ पूर्ण दिवस. (शाडूचे कण एकमेकांना चिकटून गोळे झाले तर लवकर बसतात.) दुसऱ्या दिवशी बारीक नळीने, टाकीच्या वरच्या अंगाकडून, अगदी हळू पाणी काढा. पारदर्शक नळी गाळात उभी रोवून, वरून अंगठा दाबून उचलली की नमुना मिळतो: खाली पांढरी वाळू, वर काळसर सिल्ट, सगळ्यांत वर शाडूची साय. पडद्याजवळ थर जाड, पलीकडे पापुद्र्यासारखा.

दूरच्या टोकाला लाट आपटून परत येते आणि काही वेळा तिथे दुहेरी थर पडतो. तो प्रयोगातला दोष समजून टाकून देऊ नका. खऱ्या खोऱ्यातही समोरच्या चढावर आपटून प्रवाह उलटा फिरतो, आणि त्याचं चिन्ह दगडात एकाच थराच्या तळाशी एक दिशा आणि वरच्या तरंगांत दुसरी दिशा असं सापडतं.

दगडासमोर

पहिली गोष्ट सुरक्षिततेची: भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ओहोटीच्या दोन तास आधी पोचा, पाणी वळलं की परत फिरा. संरक्षित किनाऱ्यावर हातोडी चालवू नका. फोटो, माप आणि नोंद एवढ्यावर भागतं. सोबत दहापट भिंग, क्लिनोमीटर (कल मोजायचं साधन) असलेलं कंपास, कणांचं कार्ड, खडू, पाण्याची बाटली, मऊ ब्रश, दर १० सेंमीला रंगवलेली दीड मीटरची काठी, कोनमापक. कोल्हापुरात काळ्या पाषाणावर कंपासचा सराव करताना एक ध्यानात ठेवा: त्यातल्या मॅग्नेटाइटमुळे सुई भरकटू शकते. कंपास खडकावर न टेकता वहीवर धरून बघा, दोन जागांवरून एकमेकांकडे वाचन घ्या. फरक १८० अंशांचा आला नाही तर तिथलं वाचन सोडून द्या.

नोंद १:२० प्रमाणात, खालून वर, थर-थर घ्यायची. माप नेहमी थराला काटकोनात. प्रत्येक थरासाठी तळाची सीमा (धारदार, झिजलेली की हळूहळू बदलणारी), तळाशी, मध्ये आणि माथ्याला कणांचा आकार, अंतर्गत रचना, माथ्याची सीमा, जाडी आणि दिशा लिहा. दगड ओला केल्याशिवाय बारीक रेघा दिसत नाहीत, म्हणून बाटली आणि ब्रश. ‘टर्बिडाइट’, ‘फॅन’, ‘चॅनल’ हे शब्द या पानावर येऊ देऊ नका. उजवीकडे स्वतंत्र रकाना ठेवा आणि तो संध्याकाळी भरा. नाव आधी लिहिलं की डोळा त्या नावाला साजेसंच बघू लागतो, आणि न जुळणारी रेघ नोंदवहीत येतच नाही.

जाड थर दिसला तर तो एकच आहे असं गृहीत धरू नका. मधला चिखल पुढच्या प्रवाहाने खरवडून नेला की वाळूवर वाळू बसते. थरात मध्येच कण अचानक जाड झाले, किंवा शेलच्या चपट्या तुकड्यांची एक ओळ दिसली, तर तिथे सांधा आहे.

आता वाचन. आदर्श थराची पाच अंगं बाउमा यांनी १९६२ मध्ये मांडली. तळाशी रेघा नसलेली, प्रतवारी असलेली वाळू (अ): इथे गाळ इतक्या वेगाने पडला की तळावर कण रांगेत लागायला सवडच मिळाली नाही. वर समांतर रेघांची वाळू (ब): वेग अजूनही मोठाच, पण गाळ पडण्याचा दर उतरलेला. मग लहान तरंगांची, तिरप्या रेघांची बारीक वाळू (क): वेग कमी झाला. मग सिल्टच्या पुसट समांतर रेघा (ड), आणि शेवटी चिखल (इ). पाचही अंगं एका थरात क्वचितच भेटतात. ‘क’पासून सुरू होणारा थर म्हणजे प्रवाह त्या जागी पोचेपर्यंत थकलेला होता. हीच खरी उपयोगाची गोष्ट: थराची सुरुवात कोणत्या अंगाने होते हे लिहीत गेलं की कड्याच्या उंचीभर प्रवाहांचा जोर कसा चढला-उतरला, ते आपोआप उभं राहतं.

‘क’ अंगात तरंग एकमेकांच्या पाठीवर चढत गेलेले दिसले तर चढण्याचा कोन मोजा. कोन जितका उभा, तितका वरून पडणारा गाळ तरंगाच्या पुढे सरकण्याच्या मानाने जास्त. बशीसारख्या वर वळलेल्या पुसट काळ्या रेघा ‘अ’ अंगात सापडल्या, तर गाळ झपाट्याने बसून अडकलेलं पाणी वर निसटलं असं समजा. त्या पाण्याच्या वाटेने मूळ रचना पुसली गेलेली असते. तेव्हा तिथे “रेघा नाहीत” यावरून प्रवाहाबद्दल काही ठरवू नका.

सगळी वाळू गढूळ प्रवाहाचीच नसते. चिखल आणि दगड एकत्र घसरत आलेला लगदा एकदम थांबतो. त्यात प्रतवारी नसते, शेलचे आणि दगडांचे तुकडे मध्येच तरंगत राहिलेले असतात, क्वचित थराच्या माथ्याबाहेर डोकावतात. खाली स्वच्छ वाळू आणि लगेच वर असा लगदा, हे एकाच घटनेचं जोडथरही असू शकतं. सीमेवर शेलचा पापुद्रा आहे का ते शोधा. चिखलाचा शांत काळ मध्ये गेला असेल तर घटना दोन. घडी पडलेले थर दिसले तर लगेच डोंगर घडण्याशी जोडू नका. वरचा थर सपाट असून त्याने घडीचे माथे कापलेले असतील, तर ती घडी गाळ मऊ असतानाच घसरून पडली होती.

तिसरा वाहक सर्वांत फसवा: तळालगत उताराला समांतर, वर्षानुवर्षं वाहणारा समुद्री प्रवाह. १९६६ मध्ये हीझन, हॉलिस्टर आणि रुडिमन यांनी याच्या कामाकडे लक्ष वेधलं. त्याच्या थरांत, म्हणजे काँटूराइटमध्ये, कण खालून वर आधी जाड होत जातात आणि मग पुन्हा बारीक. सीमा बहुधा पुसट असतात. गाळ सावकाश बसत असल्याने किड्यांनी तो पुरता उकरलेला असतो. गढूळ प्रवाहाचा थर काही तासा-दिवसांत पडतो, म्हणून किड्यांची बिळं बहुतेक त्याच्या माथ्यापासून खाली उतरतात, तळापासून माथ्यापर्यंत सारखी पसरलेली नसतात. एका पातळ, रेघाळ वाळूच्या थरावरून काँटूराइट ठरवू नये. टर्बिडाइटचा माथा नंतर समुद्री प्रवाहाने धुऊन काढला की तोही स्वच्छ, धारदार माथ्याचा दिसतो. दिशांची मापं जुळली तरच बोलावं: थराच्या तळाच्या खुणा उताराकडे आणि माथ्याचे तरंग त्याला आडवे, असं पुनःपुन्हा दिसायला हवं.

दगडात चिखलाचं प्रमाण किती, यावर मात्र फार भरवसा ठेवू नका. फेल्डस्पार आणि ज्वालामुखी खडकांचे मऊ तुकडे गाडले गेल्यावर कुजतात, चेपतात आणि भिंगाखाली चिखलासारखे दिसतात. मूळ प्रवाह चिखलाळ होता की दगड नंतर तसा झाला, हे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरतं.

दिशा मोजणं

थराच्या तळाकडे बघा. जिथे खालचा शेल झिजून वाळूचा तळ उघडा पडलेला असतो, तिथे चमच्याच्या पोटासारखे फुगवटे सापडतात. प्रवाहाने चिखलात कोरलेले खळगे वाळूने भरले, त्यांचे हे साचे. फुगीर, उभं टोक प्रवाह येण्याच्या बाजूला आणि पसरट टोक जाण्याच्या बाजूला. लांब सरळ चर असतील तर त्यांच्यावरून रेषा कळते, दिशा नव्हे. ‘१५०–३३०’ (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले अंश) असं लिहा आणि एक टोक निवडू नका. गोलसर, दिशाहीन फुगवटे म्हणजे मऊ चिखलात वाळू खचल्याच्या खुणा. त्यांवरून प्रवाह कळत नाही, पण थराची वरची बाजू कोणती ते कळतं. अंदमानसारख्या मोडलेल्या-दुमडलेल्या प्रदेशात हे आधी तपासायलाच हवं.

थर कललेला असेल तर कंपासचं सरळ वाचन चुकतं. सोपी रीत अशी: नतिलंबाची रेषा, म्हणजे कललेल्या थरावरची आडवी, पाणसळीतली रेषा, खडूने थरावर काढा. तिच्या एका टोकापासून, उताराच्या अंगाने, खुणेपर्यंतचा कोन थराच्या पृष्ठावरच कोनमापकाने मोजा. समजा नतिलंब ०२०, नती (थराचा कल) ५० अंश पूर्वेकडे, आणि प्रवाहाची खूण ०२० च्या टोकापासून उताराकडे ३५ अंशांवर आहे. थर आडवा केल्यावर प्रवाह ०५५ कडे जात होता. थर उलटा झालेला असेल तर तोच कोन वजा करायचा: ३४५. ‘उताराच्या अंगाने’ हे शब्द नोंदीत हवेतच, कारण आपण तळ खालून बघत असतो आणि डावं-उजवं हमखास उलटं होतं. घडीचा अक्ष स्वतः कललेला असेल तर आधी तो सरळ करावा लागतो. ते काम स्टिरिओनेटवर, म्हणजे दिशा आणि कल मांडायच्या वर्तुळाकार जाळीवर.

एका ठिकाणी वीस-पंचवीस तरी वाचनं घ्या, शक्य तितक्या वेगवेगळ्या थरांवरची. एकाच थरावरची वीस वाचनं म्हणजे एकच घटना. सरासरी साध्या बेरजेने काढू नका. ३५० आणि ०१० यांची साधी सरासरी १८० येते, जी बरोबर उलटी दिशा आहे. प्रत्येक कोनाच्या साइनची आणि कोसाइनची वेगळी बेरीज करून त्यांवरून कोन काढा. तळाच्या खुणा आणि माथ्याचे तरंग यांची सरासरी कधीही एकत्र करू नका.

पाणी खोल होतं का?

याचं उत्तर वाळूत नाही, मधल्या चिखलात आहे. आधी उथळपणाचे पुरावे शोधा: दोन्ही अंगांनी सारखे उतरते, टोकदार माथ्याचे लाटांचे तरंग, चिखलाच्या भेगा, मुळांच्या खुणा. असला एकही पक्का पुरावा मिळाला तर खोल समुद्राचा दावा तिथेच थांबवा. गोकाकच्या खडकावर आधी तरंगचिन्हं बघून ठेवण्याचा फायदा इथे होतो. ते काहीच नसेल, आणि शेलच्या पृष्ठावर नागमोडी, आखीव चरण्याच्या वाटा सापडल्या, तर खोल, शांत तळाकडे कल जातो.

पक्कं उत्तर फोरॅमिनीफेरा, म्हणजे समुद्रातले कवच असलेले सूक्ष्म एकपेशी जीव, देतात. १०० ते २०० ग्रॅम शेल (बाहेर नेण्याची परवानगी असेल तिथूनच) वाटाण्याएवढा फोडा, पूर्ण वाळवा, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवा, उरलेलं वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली निवडा. प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवा. आधीच्या नमुन्यातलं कवच अडकून राहिलं तर ते निळं दिसतं आणि नव्या नमुन्यात मोजलं जात नाही. शेल फार कडक असेल तर उकळून सुटत नाही, मग पातळ छेदच करावा.

नमुना कुठून घेतला यावर सगळं ठरतं. वाळूत आणि तिच्या लगेच वरच्या चिखलात किनाऱ्याजवळची कवचं असतात, कारण तो सगळा माल प्रवाहाने वरून आणलेला असतो. त्यावरून खोली काढली तर खोल समुद्र उथळ ठरतो. नमुना पुढच्या वाळूच्या तळाच्या लगेच खालून, प्रतवारी संपून एकसारखा, उकरलेला चिखल सुरू झालेला असतो तिथून घ्या. दोन घटनांच्या मधल्या शांत काळात त्या जागीच साचलेला गाळ तोच. त्याच थराच्या वाळूचा दुसरा नमुना शेजारच्या पिशवीत, वेगळ्या क्रमांकाने ठेवा. दोन्हींत वेगवेगळे जीव निघाले, तर वाळू उथळातून खोलात आली हे त्या दोन पिशव्यांवरूनच दाखवता येतं.